पंख्याखालचा दिवा

शिरपूरच्या आमच्या घरात नवा पंखा छान फिरायचा, पण त्याच्याखालचा दिवा काही लागत नव्हता.

दिवेलागणीला दिवा लागला की माझी बायको पुष्पा त्याला हात जोडते. लकव्याने तिचा डावा हात गेला, तेव्हापासून उजवा एकटाच छातीपर्यंत येतो आणि डाव्याची वाट बघत थांबतो. खाटेवर पडल्या पडल्या तिला तेवढाच दिवा दिसतो, म्हणून तो लागायला हवा होता.

वायरमन भिकन आला. त्याने बल्ब बदलून पाहिला, वायर तपासली.

"आबा, बठ्ठं बरोबर शे. तरी लागत नही."

"मंग तुनाच हात बिघडेल शे," मी म्हणालो.

तो हसला. त्याने मेन स्विच बंद केला, स्टुलावर चढला आणि बल्ब काढून हातात घेतला. बाहेर अंधारून आलं होतं. खोलीत एकमेकांची तोंडं दिसेनात.

तेवढ्यात पुष्पाने उजवा हात उचलला.

"आजून लाईट लागना नही वं," मी म्हणालो.

पण खोलीत पिवळा उजेड होता. पंखा थांबलेला होता. भिकनच्या हातातला बल्ब विझलेलाच होता.

पुष्पामागच्या भिंतीवर तिची सावली पडली होती. सावलीचे दोन्ही हात जोडलेले होते.

"आबा," भिकन हळूच म्हणाला, "मी काहीच करं नही."

मी खाटेकडे पाहिलं. चादरीवर पडलेला तिचा डावा हात हळूहळू उजव्याकडे निघाला होता.