मधोमध निळा ठिपका

दुसरीच्या वर्गात उल्काबाईंनी कागद वाटले. "घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढा. रस्ता दाखवणाऱ्या पट्ट्या मनगटावरून काढून दप्तरात ठेवा."

सगळ्या मुलांनी कागदाच्या मधोमध एक निळा ठिपका काढला आणि ती हाताची घडी घालून बसली.

"पुढे?"

"बाई, कागद सरकतच नाहीये," शर्वाणी म्हणाली.

बाईंनी कपाळाला हात लावला. गेल्या उन्हाळ्यात गावभरच्या पट्ट्या दुपारभर बंद पडल्या, तेव्हा दुसरीतलाच अद्वय घरापासून शंभर पावलांवर रस्त्यात बसून राहिला आणि उष्माघातानं गेला. तेव्हापासून त्या हट्टानं नकाशे शिकवत होत्या.

त्या शर्वाणीला फाटकाशी घेऊन गेल्या. समोरच तिची इमारत होती. पहिल्या मजल्यावर तिची आई कपडे वाळत घालत होती.

"सांग बघू, तुझं घर कुठं आहे?"

शर्वाणीनं रिकामं मनगट पाहिलं. "आत्ता नाहीये, बाई. पट्टी लावली की येतं."

बाईंनी वर हाक मारली, "अहो, जरा खाली या! हिला घर दाखवा!"

"आले असते हो," आई कठड्यावरून वाकून म्हणाली, "पण माझी पट्टी चार्जिंगला लावलीय."