हात पोचेल तिथवर

पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात, दोन खोल्यांच्या घरात हालिनाने लेकीसाठी, इगासाठी, लढाईच्या खेळाचा पट बनवला होता. प्लायवुडची फळी बिजागऱ्यांनी भिंतीला बसवलेली. खेळताना आडवी करायची, एरवी भिंतीला लावून टाकायची. दर रविवारी शेजारचे विटोल्डकाका आपले इवले सैनिक घेऊन इगाशी लढायला येत आणि हरून जात.

इगाच्या स्नायूंच्या आजारावर औषध नव्हतं. खुर्चीत बसून भिंतीजवळच्या सैनिकांपर्यंत तिचा हात पोचेनासा झाला, की हालिना फळीची अलीकडची कड कापायची, म्हणजे खुर्ची भिंतीच्या आणखी जवळ सरकायची. दुसरं ती करणार तरी काय? लेकीला मात्र म्हणायची, "घरात जागाच कुठे आहे गं!"

"हालिना, आता मी सैन्य काय खिशात उभं करू?" विटोल्डकाका या रविवारीही कुरकुरले.

"हरायला अशी किती जागा लागते, काका?" इगा म्हणाली.

ते गेल्यावर हालिनाने कडेपासून दोन बोटं सोडून पेन्सिलीने रेघ ओढली. इगा बघत होती.

"आई, या वेळी जरा जास्तच काप," ती हळूच म्हणाली. "म्हणजे हिवाळ्यात तुला परत कापावी लागणार नाही."