वरच्या फळीवरचा

हॉटेलच्या अभिप्रायाच्या वहीत आठवड्यात चौथ्यांदा तेच लिहिलेलं होतं. "सौनात वरच्या फळीवर बसणारा तो म्हातारा खाली कापड घेत नाही. किळस येते."

"म्हातारा पाहुणा यंदा उतरलेलाच नाही," मॅनेजर ओस्मो म्हणाला. "म्हातारा म्हणावा असा उरलो मी. आणि मी कापड घेतो हं, राइलीबाई."

राइलीचं डोकं फिरलं. वीस वर्षं इथली साफसफाई तीच बघत होती. उघड्या अंगानं नुसत्या लाकडावर बसणं फिनलंडच्या लॅपलँडमध्ये शेंबडं पोरही करत नाही.

भर दुपारी ती सौनात, त्या वाफेच्या लाकडी खोलीत शिरली. भट्टी गार, लाकूड गार. वरच्या फळीवर मात्र दोन मांड्यांचा ओला, तेलकट ठसा होता आणि त्यात पांढरे केस चिकटले होते. नाक दाबून तिनं तो घासून काढला. बादलीतलं पाणी बदलून येते तोवर ठसा परत तिथंच, आणि हाताला कोमट लागला.

"बसायचंच तर यावर बस, घाणेरड्या," म्हणत तिनं हॉटेलचं धुतलेलं कापड तिथं अंथरलं.

दुसऱ्या दिवशी फळी कोरडीठाक होती. कापड मात्र कुठं सापडलं नाही.

संध्याकाळी राइलीनं घरचा सौना तापवला. घरात ती एकटीच. वरच्या फळीवर आपलं कापड टाकून ती डोळे मिटून बसली. थोड्या वेळानं आंबूस वास आला, म्हणून तिनं डोळे उघडले.

शेजारी, तिच्या मांडीला लागून, हॉटेलचं कापड नीट अंथरलेलं होतं, आणि ते मधोमध हळूहळू ओलं होत होतं.