मधले पन्नास

एकाच शनिवारी गावात दोन अंत्यविधी आले, आणि दोन्हीकडच्या जेवणाचं काम अफ्रा मावशींकडे. बोआडी मास्तर शाळेत गणित शिकवतात, म्हणून कोण कुठे जेवणार हे तेच घरोघरी विचारून आले. सकाळी बाफोंकडे नव्वद जण येणार होते, दुपारी सारपोंगांकडे ऐंशी.

"म्हणजे एकशे सत्तर ताटं," मावशी म्हणाल्या.

"अहो, येणारी माणसंच मुळात एकशे वीस आहेत." मास्तरांनी मातीत एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं काढली. "हे मधले पन्नास दोन्हीकडे जाणार. त्यांना तुम्ही दोनदा मोजताय. एकशे वीस जणांचंच रांधा."

मावशींनी तेवढाच जोलोफ भात केला. दुपारी सारपोंगांच्या मांडवात पन्नास पाहुणे ताटकळत राहिले, आणि शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांतल्या घरच्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

"माझं उत्तर तर बरोबर होतं," मास्तर पुटपुटले.

मावशींनी रिकामं पातेलं त्यांच्यासमोर तिरकं केलं.

"उत्तर बरोबरच होतं, मास्तर. पण सकाळी बाफोंकडे पोटभर जेवलात ना? मग आता पुन्हा ताट घेऊन रांगेत कशाला उभे आहात?"