टाकीमागची जागा

दिवाळीला चौलच्या घरी आलेल्या वरदने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर उतरवला आणि शाळेत असताना खेळायचा तो बंदुकीचा गेम लावला. तेव्हा तो गोळ्या झाडत थेट फाटकातून घुसायचा आणि मरायचा. आज त्याला नवीनच युक्ती सापडली. पाण्याच्या टाकीमागे गुपचूप उभं राहायचं. शत्रू आपणहून समोर येतात, त्यांना टिपायचं. ते उठून पुन्हा येतात, पुन्हा टिपायचं.

त्याच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणत. ते शेजारी बसून सुपाऱ्या सोलत कौतुकाने बघत होते.

मेलेल्याचं नाव दर वेळी स्क्रीनच्या कोपऱ्यात उमटत होतं. ती नावं वरदनेच ठेवलेली, सगळी वर्गातल्या पोरांची. एक सोडून. दहावीत भाऊंनी कीबोर्ड कपाटात कोंडला होता. तो परत मिळाल्यावर वरदने रागारागाने एका शत्रूचं नाव ‘भाऊ’ ठेवलं होतं, आणि पुढे ते साफ विसरला होता.

आता ते नाव सारखं उमटायला लागलं, तसे त्याचे कान तापले. भाऊंना कुठे एवढं बारीक दिसतंय, असं मनाशी म्हणून तो खेळत राहिला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गेल्याच महिन्यात झालं होतं. त्याला यायला जमलं नव्हतं, म्हणून लक्षातही राहिलं नव्हतं.

भाऊंनी हातातली सुपारी खाली ठेवली.



“हा भाऊ लपत का नाही रे? तू मारतोयस, तरी उठून परत तुझ्याकडेच येतोय.”