कागदावरचा काडीमोड

“इथे सही करू की खाली?” बाबांनी विचारलं. आईने बोट ठेवून जागा दाखवली.

कोर्टाच्या बाकावर तिघं शेजारी शेजारी बसली होती, ठकी मधे. न्यायाधीशबाईंनी “विचार पक्का आहे ना?” म्हणून विचारलं तेव्हा बाबांना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडाला लावून खोकल्याचं सोंग केलं. आई सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “हो, पक्का आहे.”

बाहेर आल्यावर बाबा म्हणाले, “अगं, नटीच व्हायला हवी होतीस तू! मीसुद्धा क्षणभर टरकलो.”

हे सगळं ठकीच्या कॉलेजसाठी चाललं होतं. तिचं शाळेचं शेवटचं वर्ष. तिला हवं होतं ते कॉलेज दुसऱ्या शहरात, आणि तिथली फी ऐकून बाबांनी हातातला घास खाली ठेवला होता. बाबांचं फ्रिज आणि वॉशिंग मशीन दुरुस्तीचं दुकान. आई दातांच्या दवाखान्यात मदतनीस. घर नीट चालायचं, पण त्या फीपुढे सगळीच बोंब होती. कॉलेज गरजू मुलांना मदत देतं असं कळलं, म्हणून आई रजा काढून तिथे चौकशीला गेली. संध्याकाळी परतली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “दोघांचं मिळून उत्पन्न जास्त भरतं. आईवडील वेगळे झालेले असले तर फक्त आईचं धरतात.”

“म्हणजे मी बाजूला झालो की पोरगी शिकली?”

“कागदावर,” आई म्हणाली.

“एवढंच ना? पोरीसाठी फ्रिजमध्ये जाऊन बसेन मी!”

ठकीला ते पटलं नव्हतं. “आई, ही फसवणूक आहे.”

“तू अभ्यासाकडे बघ,” आई म्हणाली. “बाकीचं माझ्यावर सोड.”

बाबा दुकानाच्या माळ्यावर राहायला गेले. एक गादी, एक शेगडी, आणि कुणाचा तरी दुरुस्त होऊन पडलेला फ्रिज. सुरुवातीला ते रोज जेवायला घरी यायचे. आल्यापासून जाईपर्यंत त्यांची टकळी चालू. “तुझी आई दिवसभर लोकांना आ करायला लावते,” ते ठकीला सांगायचे, “आणि घरी स्वतःचं तोंड उघडत नाही!” हा विनोद ते वर्षानुवर्षं करत आले होते. आई वाढत राहायची.

मग एके दिवशी आईच म्हणाली, “अहो, असं रोज येऊ नका. शेजारी बघतात. उद्या कॉलेजकडून कुणी चौकशीला आलं तर?”

“खरंच की,” बाबा म्हणाले, आणि येणं कमी झालं.

ठकीने निबंध लिहिला, गुणपत्रिका जोडल्या, शाळेतल्या बाईंचं शिफारसपत्र आणलं. अर्जातला पैशांचा सगळा भाग आईने भरला. दुकानाचे हिशेबही वर्षानुवर्षं तीच बघायची, त्यामुळे तिला ते सोपं होतं. आई बाबांचे शर्ट इस्त्री करून ठकीबरोबर थोडे थोडे पाठवायची. एकदा ठकीने कपाट उघडलं तर बाबांचा कप्पा रिकामा.

“इथे धूळ खात पडले असते,” आई म्हणाली.

आईचं सगळं आपल्यापायी मोडलंय, असं ठकीला वाटायचं. आई दाखवत नव्हती एवढंच. संध्याकाळी खिडकीशी बसून ती कसलंसं पुस्तक वाचायची. घर इतकं शांत असायचं की ठकीला भरून यायचं.

आणि मग निकाल आला. प्रवेश मिळाला, पूर्ण फी माफ, वसतिगृहसुद्धा!

आईने ठकीला घट्ट मिठी मारली आणि कितीतरी वेळ सोडलं नाही. बाबांनी दुकानाचं शटर भर दुपारी खाली ओढलं. प्रवेश पक्का करायला ठकीबरोबर तेच निघाले, खांद्याला बॅग अडकवून.

“ही कशाला?” ठकीने विचारलं.

“माळ्यावरचं सामान. परतताना थेट घरी. बास झालं नाटक! तुझ्या आईला सांगू नकोस, तिला चकित करतो.”

कॉलेजच्या कचेरीबाहेर बाबा बाकावर बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला मुलीचे गुण सांगू लागले. ठकी एकटीच आत गेली. टेबलामागे मदत विभागाच्या बाई होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेल्या. त्यांनी अभिनंदन केलं, पेन पुढे केलं.

ठकीने पेन घेतलं आणि परत खाली ठेवलं.

“बाई, एक सांगायचंय,” ती म्हणाली. “माझे आईबाबा खरे वेगळे झालेले नाहीत. मदत मिळावी म्हणून त्यांनी तसं दाखवलं. चूक आमची आहे. पण आईने माझ्यासाठी एवढं केलंय, तिच्यावर काही येऊ देऊ नका.”

बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला. त्या रागावल्या नाहीत. गोंधळल्या.

“पण वडिलांचं उत्पन्न धरूनच तुला मदत दिली आहे. आम्ही नेहमी दोघांचंही धरतो, एकत्र राहोत की वेगळे.”

“नाही, आईला इथे कुणीतरी सांगितलं होतं...”

“मीच भेटले होते तुझ्या आईंना. त्यांनी हेच विचारलं, वेगळं झाल्याने काही फरक पडेल का. मी म्हटलं, काडीचाही नाही.” बाईंनी तिची फाईल पुढे ओढली. “तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मग ठीक. वेगळं तर मला व्हायचंच आहे. त्यात माझ्या मुलीचं नुकसान होणार नाही ना, एवढंच विचारायला आले होते.’”