जाऊन-येऊन

ग्रोनिंगनमधल्या नातेवाइकांत वीबेला विचारल्याशिवाय कुणी विमानाचं तिकीट काढत नसे. पुतण्या कायमचा लिस्बनला निघाला, तेव्हाही कॉफी पिता पिता वीबे त्याला म्हणाला होता, "एकेरी महाग पडतं रे. जाऊन-येऊनचं काढ आणि परतीचं दे फेकून!"

वीबेची बायको इल्दा मात्र सात वर्षं पोर्तोला, आईकडे गेली नव्हती. "अगं, भाव जरा उतरू दे," म्हणत वीबे कॉफीबरोबर तिला एक बिस्कीट द्यायचा आणि डब्याचं झाकण लावून टाकायचा. हीटरचं बटण, तिचा फोन, तिचा पगार, सगळ्यावर त्याचंच झाकण.

यंदा तिकीट तिनंच शोधलं. वीबेनं चष्मा लावून दोनदा तपासलं. मंगळवारचं विमान, सामान म्हणून फक्त पाठीवरची सॅक, आठ दिवसांनी परत. त्याला खोट सापडेना.

"जाऊन-येऊनचं काढतेयस? शिकलीस हो माझ्याकडून!" त्यानं खुशीत पैसे भरले आणि चक्क दुसरं बिस्कीट पुढे केलं.

इल्दानं ते सावकाश, चावून चावून खाल्लं.


पुतण्याला सल्ला मिळाला, त्या दिवशी कॉफी तीच ओतत होती.